सुरेखानं खोडलेलं उत्तर

लातूर, मंगळवार, १२ ऑगस्ट

आज शिकवलेली पाचवी बॅच. घसा पार बसलेला. फळ्यावर १०११, संगणक वजा संख्या फक्त शून्य-एकात मांडतो तशी. क्लासची पद्धत पोरं एका सुरात म्हणतात: सगळे आकडे उलटे करा, म्हणजे शून्याचा एक अन् एकाचा शून्य, एक मिळवा, वजा लावा. भूकंपानंतर वसवलेल्या गावातून येणारी सुरेखा म्हणाली, "सर, आठाच्या घरातला पहिला एक वजा आठ धरला अन् उरलेल्या ०११ चे तीन मिळवले, तरी वजा पाचच येतंय."

"क्लासच्या पद्धतीनं कर."

तिनं वहीतलं खोडलं, रबराचा चुरा फुंकला.

घरी दहा गणितं तिच्या रीतीनं केली. सगळी बरोबर. मग आपण उलटे का करतो? नऊ वर्षांत स्वतःला विचारलंच नाही. दमलो होतो, हे खरं. पण तो चुरा... दमलो म्हणून नव्हे, मला माहीत नव्हतं म्हणून खोडायला लावलं.