अठरा ज्येष्ठ पुत्र

सोलापूर,
४ ऑगस्ट १९७४

चि. सारजास धुळाप्पामामाचे अनेकोत्तम आशीर्वाद. तुझ्या मामीचेही आहेत. ते माझ्याहून जुने व अधिक खात्रीचे समजावेत.

तुझे पत्र पावले. तुमच्या कारखान्याने कर्मचाऱ्यांकरिता इंग्रजीचा सायंवर्ग काढण्याचे योजिले असून त्यास शिक्षक हवा आहे, हे वृत्त येथील वर्तमानपत्रातही झळकले. मध्यम आणि उच्च अशा दोन पायऱ्या आहेत म्हणे. पहिलीत आपल्याला इंग्रजी येत असावे असे वाटणारे लोक असतील आणि दुसरीत ज्यांची तशी खात्रीच आहे ते. शिकवायला हे दुसरे फार कठीण. मी स्वतः त्यांतलाच असल्यामुळे अधिकारवाणीने सांगतो.

आमचे दाजी काट्यावर ऊस तोलता तोलता लेकीचे भवितव्यही तोलू लागले, हे वाचून विस्मय वाटला नाही. करमाळ्याचे स्थळ त्यांनी दसऱ्यापर्यंत थोपवून धरले आहे. तोवर नोकरी लागली तर स्थळ परत, नाही तर तू रवाना. मुलाच्या विहिरीवर दोन मोटारी आहेत असे तू लिहितेस. त्यांचे कल्याण असो.

अर्जाची चिंता तू करू नयेस. माझा सुप्रसिद्ध अर्ज आहेच. प्रथम परिच्छेदात अर्जदाराचे मस्तक साहेबांच्या चरणी, द्वितीयात साहेबांच्या कृपासूर्याचा उदय, तृतीयात वृद्ध पिता व पाच अविवाहित भगिनी, चतुर्थात साहेबांच्या दीर्घायुष्याची आमरण प्रार्थना. गेली तेवीस वर्षे या अर्जावर सोलापुरातील निदान दोनशे कुटुंबांचा उदरनिर्वाह चालला आहे. सात रस्त्यावरील टंकलेखक हुसेनसाब यांस तो मुखोद्गत, किंबहुना बोटोद्गत आहे. फक्त नाव सांगायचे. उरलेले त्यांची बोटे पाहून घेतात.

तुझ्या आईस, सोनाक्कास, नमस्कार. माया आहे तितकी पुरे. वाढली तर तक्रार नाही.

तुझा मामा,
धुळाप्पा


श्रीपूर,
११ ऑगस्ट १९७४

ती. मामांच्या चरणी सारजाचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींना वाकून.

आपला अर्ज थोर आहे. त्याचे तिसरे कडवे तर आईला पाठ आहे. परंतु मला भगिनी नाहीत, आणि आप्पांना वृद्ध म्हटले तर ते मला घराबाहेर काढतील. म्हणून मी माझा अर्ज स्वतःच लिहिला आहे. मी कोण, काय शिकले, आणि बॉयलरवरच्या माणसाला यंत्राचे पुस्तक स्वतः वाचता यावे म्हणून मी त्याला कसे शिकवीन, एवढेच त्यात आहे. सगळी मिळून नऊ वाक्ये. आप्पांना अर्थ सांगितला, तर ते म्हणाले की ह्यात साखर लई कमी हाय, पर साहेब दिवसभर साखरच बघतो, त्याला बरं वाटंल.

येथे टंकयंत्र फक्त कचेरीत आहे. त्याच कचेरीकडे करायचा अर्ज तिथेच टाइप करून घेणे बरे दिसत नाही. तेव्हा कागद सोबत धाडते. हुसेनसाबकाकांकडून जसाच्या तसा टाइप करवून, मुदत वीस तारखेला संपते त्याआधी टपालात घालावा. जसाच्या तसा, मामा. सूर्य नको.

मामा, ही जागा मला हवी आहे. हे वाक्य अर्जात नाही, म्हणून इथे लिहिले.

आपली,
सारजा


सोलापूर,
१६ ऑगस्ट १९७४

चि. सारजास आशीर्वाद.

अर्ज टंकलिखित होऊन यथाविधि रवाना झाला. निश्चिंत असावे.

तुझा मसुदा वाचला. शुद्ध आहे, इतका शुद्ध की त्याच्या अंगावर एकही वस्त्र नाही. अशा अवस्थेत त्यास साहेबांसमोर उभे करणे मातुलधर्मास धरून झाले नसते. सबब योग्य ते संस्कार करून धाडला. कोणते, हे विचारू नये. मौंजीच्या दिवशी बटूस कोणी विचारीत नाही.

तुझी मामी म्हणते की पोरीनं एवढं बजावून लिहिलं होतं की. ती अक्कलकोटची असल्याने तिचे मराठी मी नेहमीच गांभीर्याने घेतो असे नाही.

यशस्वी हो. मग मामाची आठवण काढलीस तरी चालेल.

धुळाप्पा


श्रीपूर,
२२ सप्टेंबर १९७४

ती. मामांस सारजाचा नमस्कार.

परवा मुलाखत झाली. आम्ही अठरा जण होतो. मी सोडून सगळे सोलापूरचे. मला शेवटी बोलावले. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर अठरा अर्ज तीन रांगांत मांडलेले होते. त्यांनी मला विचारले की घरातला ज्येष्ठ पुत्र आपणच काय. मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी माझ्या नावाचा अर्ज माझ्या हाती दिला. त्यात सूर्य होता. पाच भगिनी होत्या. मी वृद्ध पित्याचा ज्येष्ठ पुत्र होते.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले की नव्वद अविवाहित भगिनींची जबाबदारी कारखान्याला पेलणार नाही. मी म्हणाले, हा अर्ज मी लिहिलेला नाही. मग तुमचा दाखवा, असे त्यांनी शांतपणे सांगितले. माझ्याकडे नक्कलसुद्धा नव्हती. ज्यांना स्वतःचे एक पत्र लिहिता येत नाही त्यांनी दुसऱ्यांना काय शिकवावे, असे म्हणून त्यांनी अठराही अर्ज बाजूला सारले. आता पुण्याहून कोणाला तरी बोलावणार आहेत.

काल करमाळ्याची मंडळी येऊन चहा घेऊन गेली. आप्पांना विचारले तर म्हणतात, बघू की.

मामा, माझा अर्ज कुठे आहे?

सारजा


सोलापूर,
२७ सप्टेंबर १९७४

चि. सारजास.

तुझा अर्ज माझ्या मेजाच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घरात आहे. घडी मोडलेली नाही.

तुझे पत्र वाचून मी तत्काळ साहेबांस इंग्रजीत क्षमापत्र लिहावयास बसलो. चार वेळा बसलो. चारही वेळा दुसऱ्या परिच्छेदात कृपासूर्य उगवला व तिसऱ्यात मला पाच भगिनी झाल्या. तेवीस वर्षांत मी इंग्रजीत दुसरे काहीच लिहिलेले नाही, हा शोध मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, चौथा कागद फाडताना लागला. तुझी मामी भाकऱ्या थापीत होती. ती तिथूनच म्हणाली की चूक केली तर चूक केली म्हणा की, मधी सूर्य कशाला आणता. पाचवा कागद मी तिच्याजवळ पाटावर बसून लिहिला.

तो सोबत आहे. असले इंग्रजी मला अभ्यस्त नाही, म्हणून तपासून धाड. भावार्थ असा:

मी सोलापुरातील शाळेत इंग्रजी शिकवतो. आपल्याकडे आलेले अठराही अर्ज मी रचलेले आहेत. माझी भाची सारजा हिने स्वतःचा अर्ज लिहून माझ्याकडे दिला होता. मी तो बदलला. मी तिला विचारले नाही. तिचा अर्ज सोबत जोडला आहे. दोष माझा आहे. आपल्या कृपासूर्याचा एखादा किरण तिच्यावर पडावा.

हे पत्र आमच्या मुख्याध्यापकांच्या कानी जाईल, याची मला कल्पना आहे. जावो. रागावली असशील तर पूर्ण रागाव. अर्धवट काम मला आवडत नाही.

मामा


श्रीपूर,
१ ऑक्टोबर १९७४

ती. मामांस नमस्कार.

पत्र तपासले. शेवटचे वाक्य खोडले आहे. बाकी काही करावे लागले नाही. टपालात घालावे. जसेच्या तसे.

राग आहे. मामींच्या हातची शेंगाचटणी इकडे येणाऱ्या कोणाबरोबर धाडल्यास त्याचा विचार करता येईल.

सारजा


सोलापूर,
२६ ऑक्टोबर १९७४

चि. सौभाग्याकांक्षिणी व सांप्रत अध्यापिका सारजाबाई यांस धुळाप्पा मास्तरांचे सविनय आशीर्वाद.

नेमणुकीची वार्ता दसऱ्याच्या आदल्या दिवशी पावली. साहेबांनी माझे पत्र वाचून तुला एक तास कोरा कागद देऊन समोर बसविले, व तो कागद माझ्या खणातून निघालेल्या तुझ्या अर्जाशी ताडून पाहिला, हे वाचले. सोने लुटावयास मी घराबाहेर पडलो नाही. घरातच पुरेसे होते. तुझ्या मामीने आनंदाने चटणी अर्धा शेर जास्त कुटली.

वार्ता माझ्याकडेही आहे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून ते पत्र खरोखर मीच लिहिले काय, असे विचारले. भाषा माझी वाटत नाही म्हणाले. हुसेनसाब यांस मी अर्ज टाइप करण्याची बंदी केली आहे. ते म्हणतात, मास्तर, तुम्ही सांगाल ते कबूल, पर बोटांना कोण समजावणार. आता अर्जासाठी जो येतो त्यास मी ओसरीवर बसवून स्वतःचा अर्ज स्वतः लिहावयास लावतो. गर्दी ओसरली आहे.

खोडलेले वाक्य मला फार आवडत होते. असो.

लोभाची थकबाकी सवडीने पाठवावी.

तुझा मामा


श्रीपूर,
१९ जानेवारी १९७५

ती. मामा व ती. सौ. मामी यांस सारजाचा साष्टांग नमस्कार.

वर्ग जोरात आहे. मध्यम आणि उच्च मिळून बावीस जण. नमुनापत्रे पाठ करण्याची सवय मोडावी म्हणून गेल्या आठवड्यात मी तुमचे पत्र फळ्यावर लिहिले. साधे इंग्रजी कसे असते, हे दाखवायला माझ्याजवळ दुसरे चांगले काही नव्हते. मग सर्वांना सांगितले की आपल्या हातून घडलेली एक खरी चूक आठवा आणि तिची कबुली देणारे पत्र घरून लिहून आणा.

बावीसपैकी एकवीस जणांनी भाचीचा अर्ज बदलला आहे. त्यांत बॉयलरवरचे मकदूम आहेत, वजाबाकीत कधी न चुकणारे हिशेबनीस आहेत, आणि दोघे असे आहेत की ज्यांना बहीणच नाही. सगळे सोलापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. सगळ्यांनी दोष स्वतःकडे घेतला आहे. मी मकदूमकाकांना विचारले, तर ते म्हणाले की बाई, कबूल करायचं तर एवढं सुबक का नको.

बाविसावे पत्र आप्पांचे. ते मध्यम वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि मला बाई म्हणतात. अक्षर काट्याच्या पावतीवर असते तसेच, ठसठशीत. त्याचा अर्थ लिहिते:

मी ऊस तोलतो. सप्टेंबरात मुलीला नोकरी मिळाली नाही, तेव्हा मी करमाळ्याला होकार पाठवला. मी तिला विचारले नाही. मग तिला नोकरी मिळाली. मला लाज वाटली, म्हणून नकार पाठवला नाही. ते माघात तिथी धरणार आहेत. दोष माझा आहे.

मामा, मी ते चार वेळा वाचले. शेवटी बाई म्हणून जे करायचे ते केले. शुद्धलेखनाच्या पाच चुका सोडून दिल्या आणि वीसपैकी सतरा गुण दिले. तीन का कापले, असे त्यांनी तास सुटल्यावर थांबून विचारले. मी सांगितले की पत्र चुकीच्या पत्त्यावर आले आहे. ते करमाळ्याला जायला हवे होते.

काल सकाळी त्यांनी मला एक पोस्टकार्ड दाखवले. मराठीत होते, सहा ओळींचे. वाचून झाल्यावर ते घेऊन आप्पा स्वतः पेटीपर्यंत गेले आणि कार्ड आत पडल्याचा आवाज होईतो तिथे उभे राहिले. परत येऊन म्हणाले, बाई, आता तीन मार्क द्या की.

दिले.

मामींना सांगावे की चटणी संपली आणि रागही. माया मात्र दोन्हीकडून चालू ठेवावी.

आपली,
एकवीस मामांची एकुलती भाची,
सारजा