मधल्या कॉलमवरचा गोल

बुधवार, ९ सप्टेंबर

प्रिय दादा,

मी बरी आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढायला लावू नकोस. लेकीचा निकाल कळला, तिला माझी शाबासकी सांग. झाली रीत पाळून. आता रागाने लिहिते आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

काल फोनवर तू एक वाक्य बोललास आणि मी फोन आपटला. त्या वाक्याकडे नंतर येते. आधी तू सगळं ऐक, आणि पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही ते बरंच आहे.

पहिल्या वर्षाची मुलं आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात येतात ती काचेचे मनोरे आणि हवेत लटकणारे जिने काढायला. हातात वीट दिली तर चिमटीत धरतात, जशी काही चावणारच आहे. म्हणून पहिले दोन आठवडे मी कुणाला पेन्सिल काढू देत नाही. विटेवर वीट आपटा, खणखणीत वाजली तर घ्या. वाळू मुठीत आवळून सोडा, हाताला माती चिकटली तर परत पाठवा. आणि मग बाबांचा धडा: बोटांच्या पेरांनी भिंत ठोका, पोकळ असेल तिथे बद्द वाजेल. बाबा गवंडी होते, शाळा चौथीपर्यंत, पण बाबांचा कान कधी चुकला नाही. आणि मला ते ठोकणं बाबांनी नाही, तू शिकवलंस. स्वयंपाकघराच्या भिंतीवर.

सोमवारी बासष्ट मुलांना खडू वाटले. इमारतभर फिरा, बद्द वाजेल तिथे गोल काढा. तासभर नुसती टकटक. ऑफिसातले कारकून डोकं धरून बाहेर आले. बहुतेक गोल किरकोळ होते, कुठे सुटलेली फरशी, कुठे खिडकीखालचं प्लास्टर. पण आमच्याच वर्गातल्या मधल्या कॉलमवर, गुडघ्यापासून छातीपर्यंत, एकच मोठा गोल. काढला होता एका चष्मेवाल्या मुलीने. तिला सगळे ‘शंका’ म्हणतात, कारण तास संपला तरी तिच्या शंका संपत नाहीत. तिने मला बोलावलं. मी ठोकलं. मग छिन्नीने वीतभर प्लास्टर उडवलं. आत खडी उघडी पडलेली, मध्ये सिमेंटचा पत्ता नाही, बोट जाईल एवढ्या पोकळ्या, आणि सळईवर गंज. त्या कॉलमच्या डोक्यावर ग्रंथालय आहे, दादा.

शंकाने विचारलं, “मॅडम, बांधणाऱ्याला हे कळलं नसेल का?”

मी म्हणाले, “नसेल कळलं.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य ती लिहून घेते, कारण मी शिकवते ते खरं असतं असं तिला वाटतं.

तो वर्ग सहा वर्षांपूर्वी तू बांधलास. नकाशा माझा, देखरेख माझी, कंत्राट तुझं. भावाबहिणीने मिळून बांधलेली इमारत म्हणून उद्घाटनाला आपण दोघं कसे मिरवत होतो. सोमवारी मी वर्गाला कुलूप लावलं आणि ऑफिसला, विजेचं काम आहे अशी थाप मारली. वरचं ग्रंथालय मात्र चालूच ठेवलं, कारण ते बंद करायला खरं कारण द्यावं लागलं असतं. दोन दिवस मुलं वर वाचत बसली होती आणि मी खाली त्यांच्या खुर्च्या सरकण्याचे आवाज ऐकत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्यासाठीच केलेली म्हण आहे ही.

म्हणून काल तुला फोन केला. वाटलं, तू हादरशील. तर तू शांतपणे म्हणालास की झाली तेवढी बोंबाबोंब पुरे, पुढच्या महिन्यात वरचा मजला चढवायचं काम निघतंय, ते मलाच मिळेल, त्यात गुपचूप त्या कॉलमला बाहेरून जाड थर देऊन टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सडक्या दातावर टोपी चढवतोस आणि वर आणखी चावायला सांगतोस? बाबांचा मुलगा ना तू? मी तोंडाला येईल ते बोलले. कामचोर म्हणाले, बाबांचं नाव बुडवलंस म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस, आणि मग ते वाक्य बोललास.

“प्लास्टर कर, असं कुणी सांगितलं होतं गं?”

मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. पण सगळं आठवतं. वर्गाच्या प्लास्टरला हात लावायचा त्या सकाळी तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. कॉलम दाखवलास. म्हणालास, हा फोडून पुन्हा भरू या, दहा दिवस जातील. उद्घाटन आठ दिवसांवर होतं. माझी नोकरी पक्की करायची की नाही ते प्राचार्य उद्घाटनानंतर ठरवणार होते. मी म्हणाले, प्लास्टर करून टाक. तू “नक्की?” असं विचारलंस तेव्हा मी स्कूटर सुरू केली होती. ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

तरी माझा राग जात नाही, तुझ्यावरचासुद्धा. तू माझं ऐकलंस कशाला? एरवी माझं एक तरी ऐकतोस? एक कानफटात मारून तो कॉलम फोडला असतास तर मी महिनाभर अबोला धरला असता आणि विसरले असते.

आज सकाळी प्राचार्यांना लेखी दिलं. ग्रंथालय बंद झालं, कॉलमभोवती लोखंडी टेकू लागले, इंजिनियर येतोय. कागदावर सही माझी एकटीची आहे. ‘सांगितलं मी’ हेही त्यात आहे. नोकरीचं काय ते होईल. वरचा मजला मात्र विसर.

शुक्रवारी सकाळी दहाला ये. बाबांची छिन्नी तुझ्याकडे आहे, ती आण. इंजिनियरच्या देखत, बासष्ट मुलांसमोर, ते प्लास्टर तुझ्या हाताने काढायचं. पोकळी कशी दिसते ते त्यांनी पाहायला हवं. शंका पुन्हा तोच प्रश्न विचारेल, ती सोडणाऱ्यातली नाही. तेव्हा तू मान खाली घालून काम करत राहा, एक शब्द बोलू नकोस. तिच्या वहीतलं माझं वाक्य मलाच खोडायचं आहे.

‘प्लास्टर करून टाक’ म्हणालेली,
तुझी धाकटी