गँगमन चौदा, हजर

दिग्रस
ता. ६ एप्रिल १९६१

ती. रुपीबाईस,
धाकट्या किसनसिंगचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे आम्ही दोघे खुशाल. तुझी भावजय चंदाबाई तुझी आठवण काढते आणि अंबाडीची भाजी पाठवली नाही म्हणून रुसलीही आहे.

मोठी बातमी म्हणजे आपली अरुणावती लाइट रेल्वे आता कंपनीची राहिली नाही. एक तारखेला सरकारने ती ताब्यात घेतली. सकाळी नागपूरहून दोन जीपगाड्या आल्या, साहेबलोक उतरले आणि दुपारपर्यंत ऑफिसातल्या एकूण एक कपाटाला लाखेचे सील लागले. कंपनीचा कारभार पाहणारा एजंटसाहेब आदल्या संध्याकाळीच पळाला. एका काखेत रेडिओ, दुसऱ्या काखेत कुत्रा! हमाल लोक रस्त्यात उभे राहून हसत होते. रुळांच्या दुरुस्तीसाठी सरकारकडून दरसाल पैसा उचलायचा आणि नवे सागवानी स्लीपर फक्त कागदावर टाकायचे, असा धंदा बरीच वर्षे चालला होता म्हणे. असल्या माणसाला दिग्रसच्या चौकात उभे करून जोड्याने मारले पाहिजे.

आम्हा नोकरांचे मात्र बरे होईल असे दिसते. हजेरीपटावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना सरकार सामावून घेणार. मी टाइमकीपर म्हणून अकरा वर्षे हजेरी लिहिली, आता सरकारी शिक्का बसला की जन्माची भाकरी पक्की.

या महिन्यापासून तुझी दहा रुपयांची मनिऑर्डर पाठवता येणार नाही. रागावू नकोस. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. तुझ्या किंवा भाऊजींच्या नावाने एखादा सरकारी कागद आला, तर तो कोणाकडून वाचून न घेता तसाच माझ्याकडे पाठव. विसरू नकोस.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.
तुझा
किसनसिंग

---

सातव्या मैलाचा तांडा
ता. १९ एप्रिल १९६१

चि. किसनसिंग यास,
रुपीबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बाजारातला जफर शिंपी लिहून राह्यला. म्या त्याले सांगतलं का मी बोलीन तसंच लेह्य, तुह्या मनचं गोड करू नको. तो हासते, पन लेह्यते.

तू लेह्यलं का कागद वाचून घेऊ नको. काहून रे? तुह्या पत्राच्या तिसऱ्या दिवशी कागद आला. म्या जफरकून वाचून घेतला. त्यानं एक डाव वाचला, मंग चष्मा पुसला, मंग अजून एक डाव वाचला. कागदात असं हाये का प्रेमसिंग वल्द धनसिंग, गँगमन नंबर चौदा, यानं दहा मेले सकाळी दहा वाजता दिग्रसच्या ऑफिसात डाक्टरी तपासनीसाठी हजर राहावं. हजर नाही राह्यला तर नोकरी जाईन.

आता मले सांग किसन, हे काय हाये? तुह्या भाऊजीले जाऊन येत्या जेठात चार वर्षं होतात. खैरीच्या नाल्यावर ट्रॉली उलटली, तो खाली सापडला, अन् बाबूसिंग मुकादमानं त्याले खाटेवर घालून आनलं, हे साऱ्या तांड्यानं पाह्यलं. म्या दोन्ही हातातल्या बलिया उतरवल्या. सवाष्नीच्या हाडाच्या बांगड्या त्या, नवरा गेल्यावर बाई हातात ठेवत नाही, तुले सांगाची गरज नाही. ते उतरवताना माहेरचं मानूस जवळ लागते. माह्याजवळ कोनी नव्हतं. याडी, आपली माय, अदुगरच गेल्ती, अन् तू ऑफिसातून सुट्टी भेटली नाही म्हनून आलाच नाही. तवा म्या काही म्हनलं नाही.

मंग हे सरकार कोन्या प्रेमसिंगले बलावून राह्यलं? कोनाचं डोकं फिरलं हाये हे मले वापसी डाकेनं कळव. मनिऑर्डरची फिकीर करू नको, तू चार वर्षं न चुकता पाठवली, एवढी माया कोनता भाऊ करते!

चंदाबाईले आशीर्वाद. भाजी बाबूसिंगच्या हातानं धाडते. जफर सलाम सांगते.
तुही बहीन
रुपीबाई (निशानी अंगठा)

---

दिग्रस
ता. २५ एप्रिल १९६१

ती. रुपीबाईस,
किसनसिंगचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. घाबरण्यासारखे काही नाही. ही कारकुनी चूक आहे. जुन्या यादीवरून नवीन यादी करताना असे होते. एकट्या भाऊजींचे नाही, तीस-पस्तीस जणांचे तसे झाले आहे.

आता तू एवढेच कर. जफरकडून दोन ओळी लिहून घे की माझा नवरा नोकरी सोडून ऊसतोडीला दूर निघून गेला, त्याचा पत्ता माहीत नाही. खाली तुझा अंगठा दे आणि ते पत्र माझ्याकडे पाठव. मी साहेबांपुढे ठेवीन आणि विषय मिटेल. मेला असे लिहू नको. तसे लिहिले की कधी मेला, कसा मेला, तेव्हा का कळवले नाही, असा तपास निघतो. कंपनीने तेव्हाच सांगितले होते की भाऊजी परवानगी नसताना ट्रॉलीवर चढले, त्यामुळे भरपाई बसत नाही. आता ते उकरून तुला काय मिळणार आहे? उलट माझे कायम होण्याचे कागद याच महिन्यात वर जात आहेत. तुला माझी काळजी आहे हे मी जाणतो.

हे पत्र वाचून चुलीत घाल. जफरला म्हणावे तोंड शिवून ठेव, शिंपीच आहे तो.

उत्तर लवकर यावे. आहे ती माया कमी करू नये.
तुझा
किसनसिंग

---

सातव्या मैलाचा तांडा
ता. २ मे १९६१

किसनसिंग यास,

जफरनं सवयीनं वरती अनेक आशीर्वाद लेह्यले होते. म्या ते त्याच्याकून खोडून घेतले. तुले आशीर्वाद द्याले माही जीभ उचलत नाही.

प्रेमसिंग ऊसतोडीले पळून गेला? म्या हे लेहून देऊ? जो मानूस खैरीच्या नाल्यावर मेला त्याले म्या घर सोडून पळालेला ठरवू?

म्या बाबूसिंगले घरी बलावलं. म्हातारा रडून रडून सारं ओकला. त्या दिवशी तुह्या भाऊजीले ट्रॉलीवर एजंटनंच धाडलं होतं, पुलावरचे स्लीपर पाहून ये म्हनून. परवानगी नव्हती हे सारं झूट! पुलावरची लाकडं पार कुजेल होती, बोटानं भुसा निघे, अन् कागदावर तिथं नवं सागवान टाकलेलं होतं. मानूस मेला म्हनून सांगतलं असतं तर सरकारचा साहेब पूल पाहाले आला असता. म्हनून मानूस मरूच देल्ला नाही! दुसऱ्या दिवशी हजेरीत प्रेमसिंग हजर. तिसऱ्या दिवशी हजर. इकडं म्या बलिया उतरवून राह्यली अन् तिकडं तो हजर! अन् पगाराच्या दिवशी त्याच्या नावापुढं अंगठा. दर महिन्याले, चार वर्षं.

अंगठा कोनाचा हे बाबूसिंगनं सांगतलं नाही. म्याही इचारलं नाही. हजेरीचं बुक कोनाजवळ राह्यते ते मले ठाऊक हाये.

चार वर्षं मी मनातल्या मनात त्याले बोल लावत होती रे. म्हनत होती, कायले चढला न इचारता, आपल्या पायानं मेला अन् मले उघड्यावर टाकून गेला. मेलेल्या मानसाले रोज शिव्या देल्या म्या, तुमच्या त्या एका लबाडीपायी. तुले हे कळते का?

मी दहा तारखेले येऊन राह्यली. सरकारनं प्रेमसिंगले बलावलं हाये ना, मंग त्याच्या घरून कोनी तं गेलं पाह्यजे.

जफर म्हनते शेवटी लोभाचं काही लेह्य. म्या म्हनलं, राहू दे.
रुपीबाई (निशानी अंगठा)

---

दिग्रस
ता. ६ मे १९६१

ती. रुपीबाईस,
नमस्कार.

येऊ नकोस. पाया पडतो, येऊ नकोस.

तू मला काय समजतेस? मी हौसेने केले? एजंटने मला खोलीत बोलावून सांगितले की प्रेमसिंग हजर लाव, नाहीतर उद्यापासून तूही तांड्यावर जा आणि शेण उचल. सातवी पास झालेला आपल्या तांड्यातला मी पहिला. याडीने हातातले चांदीचे विकून मला पुसदला शिकवले. ते सगळे मातीत घालू? घरात लग्नाची बायको, डोक्यावर खोलीचे भाडे. तू तांड्यावर बसून रागावतेस, तुला सोपे आहे. सुट्टी नव्हती म्हणून मी आलो नाही असे सांगितले, ते खोटे. त्या दिवशी मी हजेरी लिहीत होतो. तुझ्या समोर कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

आणि मनिऑर्डरचे ऐकायचे असेल तर ऐक. भाऊजींच्या पंचेचाळीस रुपये पगारातले पस्तीस एजंट घेई आणि दहा माझ्या हातावर ठेवी, तोंड बंद ठेवायला. त्यातली एक दमडी मी घरात आणली नाही. जसेच्या तसे दहा दर महिन्याला तुला पाठवले. त्यावरच तुझे घर शाकारले गेले. मी चोर असेन, पण तुझ्या ताटातले मी खाल्ले नाही. मला तुरुंगात घालायचे असेल तर ये खुशाल.

किसनसिंग

---

सातव्या मैलाचा तांडा
ता. १४ मे १९६१

किसनसिंग यास,

तुहं पत्र जफरनं मले वाचून दाखवलं तवा माह्यापुढं भाकर होती. ती म्या ढोरापुढं टाकली. चार वर्षं मी माह्याच मेलेल्या मानसाची मजुरी खाल्ली, अन् तुले दुवा देत राह्यली! पोहरादेवीच्या यात्रेत तुह्या नावानं नारळ फोडला म्या, लेका. तू एका अक्षरानं सांगतलं असतं तर मी उपाशी राह्यली असती, पन तो पैसा शिवली नसती.

आता दहा तारखेचं ऐक, कारन तू त्या दिवशी ऑफिसात तोंड दाखवलं नाही. बिमारीचा अर्ज धाडला म्हने.

सकाळी म्या ज्वारीच्या कोठीतून बलिया काढल्या. याडीच्या हातच्या होत्या म्हनून फेकल्या नव्हत्या. दोन्ही हातात चढवल्या, पार दंडालोक. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया छाती पिटून मांगं धावल्या, रुपी येडी झाली म्हने. तांड्याचा नायक आडवा आला. म्या म्हनलं सरकारचा कागद हाये, नवरा जिवंत हाये म्हनते, तं मी रांड कशी? तो बाजूले झाला. बाबूसिंग तेवढा संग आला. चंदाबाईही कुठून कळलं तं ऑफिसापुढं येऊन उभी राह्यली, अन् माह्याजवळ बसली. तिले बोलू नको. तुह्यापरस तिच्यात दम हाये.

गडी लाइनीत उभे होते. शिपाई एकेकाचं नाव पुकारे अन् डाक्टर छातीले नळी लावे. तेरा नंबर झाला. मंग पुकारलं प्रेमसिंग धनसिंग. कोनी उठलं नाही. अजून पुकारलं. तिसऱ्या डाव पुकारलं तवा मी उठली अन् म्हनलं, हजर.

सारे हासले. नवा साहेब नाही हासला. त्यानं इचारलं बाई तू कोन. म्या सांगतलं का मी त्याची बायको. तुमच्या बुकात तो चार वर्षांपासून रोज कामावर येते अन् दर महिन्याले अंगठा देते, पन एक दिवस घरी जेवाले आला नाही. तुम्ही जिवंत म्हनता म्हनून या बलिया घातल्या. आता एक तं माहा मानूस माह्या हाती द्या, मी त्याले घरी घेऊन जाते. नाही तं लेह्या का तो मेला, कामावर मेला, तुमच्या पुलावर, तुमच्या कुजक्या लाकडानं मेला. मले भीक नाही पाह्यजे. पन पळाला म्हनान, का न इचारता चढला म्हनान, तं मी या पायरीवरून हालनार नाही.

डाक्टरनं नळी कानातून काढून ठेवली. साहेबानं सील तोडून बुक आनवलं. पानं उलटत गेला. प्रेमसिंगच्या नावापुढचे काळे अंगठे त्यानं बोट लावून मोजले, सेहेचाळीस. मंग बाबूसिंगची जबानी झाली, म्हातारा सारं खरं बोलला. शेवटी साहेबानं मले इचारलं का हा अंगठा कोनाचा.

म्या तुहं नाव घेतलं नाही. खुश होऊ नको, तुह्यासाठी नाही. ज्या याडीनं तुले शिकवाले चांदी इकली तिच्या बलिया माह्या हातात होत्या, म्हनून माह्या तोंडून निघालं नाही. म्या म्हनलं ज्याचा हाये तो आपल्या पायानं येऊन सांगन. साहेबानं आठ दिवस देल्ले. त्याच्या सांगन्याबिगर मरन लेह्यता येत नाही म्हने, कारन हजर लावनारा हातच पाह्यजे.

बलिया अजून माह्या हातात हायेत. मले झोप येत नाही त्यायच्यानं. मागच्या वक्ती म्या एकटीनं उतरवल्या. आता उतरवनार नाही. माहेरचं एकच मानूस उरलं हाये मले, अन् ते तू हायेस.

रुपीबाई (निशानी अंगठा)

---

दिग्रस
ता. १८ मे १९६१

ती. रुपीबाईस,
किसनसिंगचा नमस्कार.

काल गेलो. सेहेचाळीस अंगठे माझे आहेत असे सांगितले आणि खाली सत्तेचाळिसावा दिला. एजंटचे, पुलाचे, सगळे लिहून दिले. कपाटाच्या किल्ल्या घेतल्या, नोकरी गेली. खटला उभा राहील, तोवर जामिनावर सोडले आहे. जामीन चंदाबाईच्या बापाने दिला आणि वर चार शिव्याही दिल्या. एजंटला मुंबईत शोधताहेत. सापडला तर त्याच्या शेजारी उभा राहून साक्ष देईन, मग मला काय व्हायचे ते होवो. त्याच्या नुसत्या आठवणीने अंगाचा भडका होतो, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या.

साहेबाने १९५७ सालचे बुक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, तूच लिही. ११ जूनचे, भाऊजी गेले त्या दिवसाचे पान. भाऊजींच्या नावापुढे माझ्याच अक्षरात हजर होते. ते खोडून मी लिहिले, कामावर असता मयत. अकरा वर्षांत एवढे नीट अक्षर मी कधी काढले नव्हते.

शनिवारी येतो. गाडीने नाही, रुळांच्या कडेने सात मैल चालत येतो, खैरीच्या नाल्यावरून. तू दारात उभी राहून शिव्या दे, मी ऐकेन. पण मी येईपर्यंत बलिया उतरवू नकोस.

तुझा भाऊ
किसनसिंग