गच्चीवरचा पंखा

२ जून, सोमवार

झालं! मी लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट चालली! तक्रारींची तिकिटं, म्हणजे नोंदी, एक्सपोर्ट करायची, फाइल तिच्यापुढे टाकायची, की अकरा सेकंदांत रिपोर्ट तयार — विभागवार तक्ते, बेरजा, जुन्या तक्रारी लाल रंगात. हेच मी चार वर्षं ओळ न् ओळ हाताने उचलून करत होते. दोन दिवस लागायचे.

कोणालाही सांगणार नाही. माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय आणि ते या रिपोर्टपुरतंच आहे. अकरा सेकंदांसाठी माणूस कोण ठेवेल?

३ जून, मंगळवार

दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसले. काम करण्यापेक्षा हे अवघड! साहेब जाता जाता म्हणाले, "तब्येतीला जपा हो."

४ जून, बुधवार

घात झाला. लाल रंग येतो का बघायला मी स्क्रिप्टमध्येच एक खोटं तिकीट लिहून ठेवलं होतं — "गच्चीवरचा पंखा बंद", तारीख सहा वर्षांपूर्वीची. काढायला विसरले! आज रिपोर्ट मुख्य कार्यालयात पाठवला आणि खुर्चीतून उठतेय तोच तिथल्या तपासनीस बाईंची मेल — "सहा वर्षे प्रलंबित. कारण द्या." प्रत साहेबांना.

आमच्या गच्चीवर पंखा नाही. तो टांगायला वर छत तरी कुठे आहे?

५ जून, गुरुवार

खरं सांगावं तर स्क्रिप्ट उघडी पडते. तिकीट गुपचूप काढावं तर बाई विचारणार, बंद कोणी केलं? त्याला वायरमनची सही लागते. इकडे आड, तिकडे विहीर!

ताईला फोन केला. थोरल्या बहिणीने धीर द्यावा की नाही? ही हसत सुटली. "अगं, मग बसव की एक पंखा!" हिला काय जातंय बोलायला.

६ जून, शुक्रवार

साहेबांनी बैठक घेतली. पंखा होता का, असं एकानेही विचारलं नाही. कोणामुळे बंद पडला, यावर मात्र दीड तास! ठपका आला वायरमनकाकांवर.

"साहेब, सहा वर्षांपूर्वी मी इथे नव्हतोच."

"म्हणूनच तर बंद पडला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. शरम वाटते.

९ जून, सोमवार

काका माझ्या टेबलापाशी आले. दोन दिवस झोप नाही म्हणाले. मग हळूच — "पोरी, आता आठवतंय मला. हिरवा होता बघ तो पंखा. राहून गेलं माझ्याकडून."

मला रडूच फुटणार होतं. काकांना चहा मागवून दिला.

१० जून, मंगळवार

गच्चीवर चार खांब, वर पत्रा, पत्र्याखाली पंखा. हिरवा — काकांनी हट्टाने तोच आणवला. साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. वर वारा इतका होता, की पंखा आधीपासूनच फिरत होता. काकांनी सही केली. सुटले!

११ जून, बुधवार

कसली सुटतेय. तिकीट बंद दाखवून रिपोर्ट पाठवला. मिनिटभरात बाईंची मेल — "विलंबास जबाबदार व्यक्तीवर कारवाई करा." साहेब उद्या संध्याकाळी काकांच्या सेवापुस्तकात शेरा मारणार. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस!

बास. कंत्राट गेलं तर गेलं. उद्या बाईंनाच फोन लावते.

१२ जून, गुरुवार

एका दमात सगळं सांगितलं — स्क्रिप्ट, खोटं तिकीट, काका. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बाई कुजबुजल्या, "हळू बोला हो! शेरा थांबवते मी. पण त्या मेल मी लिहीतच नाही. तुमचा रिपोर्ट आला, की माझी स्क्रिप्ट उत्तर देते. चार सेकंदांत. इथे कोणाला माहीत नाही... माझंही कंत्राट महिनाअखेर संपतंय."