सल्ला मिळणार नाही

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचं मनात होतं, पण माझ्या कंबरेचं तुला ठाऊकच आहे. खाली गेलो तर वर आणायला माणूस बोलवावा लागतो. तेव्हा खुर्चीतूनच, पण मान अगदी खाली घालून, नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींनी कानाचं नवं यंत्र घेतल्याचं कळलं आणि ते बहुतेक वेळ खणातच असतं हेही कळलं. (मला त्या माणसाबद्दल पहिल्यापासून आदर होता, आता तो दुप्पट झाला.) आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे, जरा जास्तच खुशाल आहे, आणि म्हणूनच मी खुशाल नाही. ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, चाळीस पोरांच्या वर्गात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी फोनवर कुजबुजलो तरी शेजारचे खिडकीत येतात.

तर बातमी अशी, की तुझा भाऊ उद्योजकता शिकवतो. हसून झालं असेल तर पुढे वाच. आपल्या घराण्यात धंदा केला तो फक्त तू. आपली लाल सायकल तू गल्लीतल्या पोरांना भाड्याने द्यायचीस आणि सख्ख्या भावालाही सवलत नव्हती. मी तर भूगोलाचा मास्तर. नद्या कुठून निघतात ते मला सांगता येतं, पैसा कुठून निघतो ते नाही. पण शाळेत वरून परिपत्रक आलं, की मुलांना लहानपणापासूनच उद्योजकाच्या नजरेने बघायला शिकवा. त्यासाठी आठवड्यातून एक तास ठेवा आणि वर्षअखेरीस मुलांचा बाजार भरवा. शिक्षकांच्या खोलीत हे वाचून दाखवल्यावर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. मी तेवढ्यात दाढ काढून परत आलो होतो. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, कोणाची हरकत आहे का? हरकत माझी एकट्याचीच होती, पण ती कापसाच्या पलीकडे राहिली आणि तास माझ्या गळ्यात पडला.

मग आम्हाला शिकवायला एक प्रशिक्षक आले. कोट घालून आले आणि दिवसभर हातातल्या पेनाचं बटण टकटक दाबत राहिले. अपयशाला मिठी मारा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. (गणिताच्या सरांनी विचारलं, की त्यांच्या विषयात अशा मिठ्या पन्नासेक मारायच्या आहेत, तर तास वाढवून मिळेल का? त्यांचा त्या तासावर पहिल्यापासून डोळा आहे.) जाताना प्रशिक्षकांनी एक पातळ पुस्तिका दिली. तिच्यात कागदी पिशव्या, मेणबत्त्या आणि सरबत यापलीकडे धंदा नाही. मी ती वाचली, मिटली आणि वर्गात जाऊन मनाला येईल ते सांगितलं. म्हटलं, पोरांनो, काय विकायचं ते आधी ठरवू नका. रस्त्यावरून कान उघडे ठेवून हिंडा आणि लोकांकडे काय नाही ते शोधून आणा. ताई, तिथेच माझी चूक झाली. इतक्या वर्षांत गृहपाठ सांगितल्यावर तो कोणी खरोखर करील, याची मला सवयच नव्हती.

सातवीचा वर्ग तो. त्यात एक 'वकीलीण' आहे. हजेरी लावली तरी पुरावा मागते. दुसरी एक 'घुमी'. ती वर्षभरात माझ्याशी 'हो सर', 'नाही सर' याच्यापुढे बोललेली नाही. पुढच्या तासाला वकीलीण उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लोकांकडे सगळं आहे. पण शिंपीकाका म्हणतात, गिऱ्हाईक माझं ऐकतच नाही. औषधवाले म्हणतात, घरात माझं कोणी ऐकत नाही. माझ्या बाकावरच्या हिची आजी म्हणते, मी तोंड उघडलं की सगळ्यांना कामं आठवतात. सर, मग आपण ऐकायचंच दुकान टाकू." मी हसलो. कागदी पिशव्यांचे फायदे सांगितले, पर्यावरण मध्ये आणलं, शेवटी मतदान घेतलं. पिशव्यांना एक मत पडलं, ते माझं.

त्यानंतरचे तास मात्र, खरं सांगतो, माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे. पोरांनी नियम केले. ऐकताना 'पण' म्हणायचं नाही. 'आमच्याकडे तर याहून' म्हणायचं नाही. जांभई आली तर गिळायची. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही (हा नियम मी घातला, लक्षात ठेव). आणि सल्ला द्यायचा नाही, कारण वकिलिणीचं म्हणणं असं, की सल्ला सगळीकडे फुकट मिळतो, त्याला कोण विचारतो? दरावरून दोन तास वाद झाला. मोठ्या तक्रारीला जास्त दर असावा असं मी म्हणालो. पोरं म्हणाली, उलट, मोठं दुःख माणूस दोन वाक्यांत सांगतो, शेजाऱ्याच्या कुंडीतून टपकणारं पाणी मात्र संपता संपत नाही. तेव्हा छोट्या तक्रारीला दर जास्त! हे पुस्तिकेत कुठेही नाही गं. सरावासाठी गिऱ्हाईक म्हणून मी बसलो आणि शाळेतल्या खडूबद्दल कुरकुर सुरू केली. घुमी समोर बसून ऐकत होती. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, मी खडूवरून बढतीवर आणि बढतीवरून वडिलांनी मला चित्रकला सोडायला लावली तिथपर्यंत पोचलो होतो. उठलो तेव्हा कंबरसुद्धा दुखत नव्हती.

पण मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ऐकण्याचे कोणी पैसे देतं का? बाजारात तुमच्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही, तर हा तास गणिताला. मी बाहेर आलो तर गणिताचे सर दारातच वेळापत्रक बघत उभे. ताई, तास गेला म्हणून मला काही फाशी होणार नव्हती. पण दोन वर्षांत मी निवृत्त होणार आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरं घंटा झाल्यावरही बसून राहत होती. ते माझ्या हातून जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. लांब ओसरीत सगळ्या वर्गांची टेबलं. आमच्या टेबलावर पाटी: 'तक्रारी ऐकून मिळतील. सल्ला मिळणार नाही.' समोर खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांच्यापलीकडे पोरं, हाताची घडी घालून, चेहरे अगदी ऐकण्याच्या तयारीत. शेजारी सरबताच्या टेबलाला झुंबड. आमच्याकडे एक बाई आल्या, त्यांनी खुर्ची रिकामी आहे का विचारलं आणि ती उचलून सरबताकडे नेली. बराच वेळ कोणी येईना. घुमीचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. मला ते बघवेना, म्हणून मी भूगोलाच्या खोलीत नकाशांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि खिडकीतून बघत राहिलो. (कोणी विचारलं असतं तर धूळ झटकतोय म्हणणार होतो.) तेवढ्यात सरबतवाल्यांनी बर्फ फोडायचं यंत्र लावलं, सगळ्या शाळेची वीज गेली आणि फ्यूज बसवायला मला बोलावणं आलं. त्या शाळेत फ्यूज फक्त मलाच बसवता येतो, का कोण जाणे.

परत आलो तो काय, टेबलापुढे रांग! शिंपी आहे, औषधवाला आहे, आजी तर घरून उशी घेऊन आलेली. माझ्या मागे कोणीतरी पहिलं गिऱ्हाईक म्हणून बसलं असणार आणि त्याला बघून बाकीच्यांना धीर आला असणार. तो भला माणूस मला कुठे भेटला ना, तर कंबरेचा विचार न करता मी त्याच्या पाया पडेन. गणिताचे सर रांगेत दोनदा उभे राहिले. मुख्याध्यापिकाबाई हा काय गोंधळ म्हणत तावातावाने आल्या, तर वकीलीण म्हणाली, बाई, रांगेतून या. रांगेचा नियम बाईंचाच, त्यामुळे बिचाऱ्या मुकाट्याने उशीवाल्या आजींच्या मागे उभ्या राहिल्या. आपली पाळी आल्यावर खुर्चीत बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. उठल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, तास राहू द्या, आणि ते टेबलही दर आठवड्याला राहू द्या.

एवढं सगळं चांगलं झालं, मग मी रडतोय कशाला? तर फ्यूज बसवून आलो तेव्हा घुमीसमोरच्या खुर्चीत कोण बसलेलं होतं माहीत आहे? तुझी भावजय. पर्स मांडीवर, मान जरा पुढे, आणि हात हलवून हलवून बोलत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी हात हलवून माझ्याशी कधी बोललेली नाही. माझ्याच विद्यार्थिनीसमोर, रोख पैसे मोजून, माझी तक्रार! संध्याकाळी टेबलं आवरताना मी घुमीला बाजूला घेतलं आणि अगदी सहज विचारलं, की त्या निळ्या साडीतल्या बाई काय म्हणत होत्या? तिने माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, "सर, गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही. तुम्हीच शिकवलंत." ताई, त्या मुलीने वर्षभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला, की तिच्या हातात मी उरलेला सगळा खडूचा डबा दिला. का ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून ही घरात गुणगुणत असते. मी मात्र सुतासारखा सरळ झालोय. ओला टॉवेल दोरीवर जातो. वर्तमानपत्राची घडी होते. ती काही बोलली की तिला मी तीन उपाय सांगतो अशी तिची जुनी कुरकुर आहे, म्हणून हल्ली दोनच सांगतो. काल तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

असो. पत्र लांबलं. दाजींना नमस्कार सांग. यंत्र कानात असेल तेव्हा सांग. गुडघ्याला शेक घे, जिना कमी चढ आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
सायकलीचं भाडं अजून बाकी असलेला

ता. क. दाजींसाठी विणलेला स्वेटर वेगळा पाठवतोय. एक बाही लांब आहे. विणकाम तुझ्या भावजयीचं, तेव्हा छान आहे म्हणायचं.

ता. क. माझी काळजी करू नकोस असं वर लिहिलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. तू तिला फोन कर. इकडचं तिकडचं बोल आणि ती त्या दिवशी काय बोलली ते काढून घे. तुझ्यापुढे आजवर कोणाचं काही लपलेलं नाही. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस. मला फक्त एवढंच कळू दे, की ती सुखात आहे ना.

ता. क. घरातला डिंक संपलाय, म्हणून पाकीट बंद करायला आणि टाकायला हिच्याकडे देतोय. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला मुळीच सवय नाही.

---

ताई, नमस्कार. सवय नव्हती, पण पाकीट उघडंच होतं.

त्या दिवशी मी यांचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले होते. टेबलापुढे कोणीच नव्हतं. पोरं रडवेली झालेली, आणि नकाशांच्या मागे हे उभे. त्यांना वाटतं ते कोणाला दिसत नाहीत. वीज गेली, हे फ्यूजकडे धावले, तशी मीच बसले. तक्रार काही सुचेना. भाजीवाल्याबद्दल बोलून झालं, वरच्या मजल्यावरच्या पाण्याबद्दल बोलून झालं. पण ती मुलगी इतकं मन लावून ऐकते ना ताई, की खरं तेच तोंडून निघालं. म्हटलं, बाळ, दोन वर्षांनी तुझ्या सरांची शाळा सुटेल, मग ते कोणासाठी असे नकाशांच्या मागे उभे राहतील? मला त्या दिवसाची फार भीती वाटते. हे मी यांना बोलले नाही, लगेच तीन उपाय सांगतील. हल्ली दोन.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या पाया पडायचंय म्हणे त्यांना. त्यापेक्षा न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला तरी चालेल, पण मीच ती हे कळवू नका. गुणगुणते ती, कारण टॉवेल दोरीवर जातोय. तो जाऊ द्या.

आणि ताई, रागावू नका, पण उपाय सांगायची खोड तुमच्या घराण्याचीच आहे. यावर काही कळवू नका. नुसतं ऐका. फी काय ती स्वेटरच्या लांब बाहीत ठेवलीय.