शुद्ध मराठी आणि एकसष्टचा पट

२७ जून २०१४, चांदूर रेल्वे
पट पासष्ट. एकसष्ट असले की तिसरा शिक्षक टिकतो. तिसरा म्हणजे मी. त्याहून एक जरी कमी झाला, तर अतिरिक्त ठरून थेट मेळघाट. तशी वेळ येणार नाही. संकल्प: वर्गात फक्त शुद्ध मराठी.

२ जुलै
मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंना बहुभाषिक शिक्षणाचं खूळ लागलंय. मुलांनी घरच्या भाषेत बोलायचं, त्यातूनच मराठी शिकायची म्हणे. उर्दू, बंजारा, वऱ्हाडी, सगळीच खिचडी! सुनावलं, ही शाळा आहे, आठवडी बाजार नाही. त्या म्हणाल्या, याच खुळापायी गादीवाल्या कुर्बानभाईंनी तीन पोरं आपल्याकडे घातली. मला तास होता, निघालो.

१८ जुलै
कुर्बानची मिस्बाह धडा चांगला वाचते, पण मध्येच धाकट्या भावाला उर्दूत अर्थ सांगते. दुपारभर बाकावर उभी केली. रडली. संस्कार असेच होतात.

२१ जुलै
कुर्बान आला. म्हणे, गुरुजी, पोरीले दोन भाषा येतात त काय तिनं चोरी केली? मी संस्कृत सुभाषित ऐकवलं. उठून गेला. जिंकलो.

२२ जुलै
कुर्बाननं तिघांचे दाखले नेले. पट बासष्ट. अजून एक जास्तीचाच आहे. दर्जा वाढला.

९ सप्टेंबर
पाऊस नाही, सोयाबीन वाळलं. शेतकरी जानराव पटावरची दोन्ही पोरं घेऊन सुरतेला कामाला गेला. साठ! यात दोष सर्वस्वी जानरावचा.

२९ सप्टेंबर
उद्या पट ठरणार. तात्पुरतं धोरण म्हणून कुर्बानकडे उर्दूतून गेलो: आपकी लेकरं वापस भेजो. तो म्हणाला, गुरुजी, मराठीत बोला ना, मले समजते. पण पोरगी शाळेचं नाव काढलं की रडते, थे काई येत नाई. चहा मात्र चांगला होता.

६ जुलै २०१५, मेळघाट
आदेश निघालाच. हरकत नाही. इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेचा एक शब्द शिकणार नाही.

७ जुलै
पहिलीचा वर्ग, सगळी कोरकू लेकरं. स्टँडवरची कचोरी बाधली. पोटात कळ आली. शुद्ध मराठीत विचारलं, स्वच्छतागृह कोठे आहे? सगळी उभी राहून एका सुरात म्हणाली, स्वच्छतागृह कोठे आहे? ओरडलो, अरे, लवकर सांगा! तीही ओरडली, अरे, लवकर सांगा! असं तीनदा झालं.
उच्चार निर्दोष होते. पँट वाळत घातली आहे.