मारुतीजवळ बांधलेलं दगडफूल

गुरुजी, जाळीच्या पिशवीतल्या मूठभर दगडफुलाची खरी किंमत काय पडली ते आधी सांगतो. बाजाराच्या दिवशी बंद ठेवलेलं दुकान, काट्यांत फाटलेलं नवं धोतर, उतरताना धरलेला गुडघा आणि लेकीचा अबोला. बाकीचं परवडलं. अबोला महाग पडला.

तुम्ही वर्गाला डोंगरावर नेलं होतं तो दिवस आठवतो. खडकावरचे करडे पापुद्रे बघून मी म्हणालो, दगडाला खरूज झालीय. पोरं हसली, तुम्ही हसला नाहीत. मला घरी घेऊन गेलात. तुमच्या घरच्या बाई भाकरी थापतायत, चुलीचा धूर डोळ्यांत जातोय, आणि तुम्ही मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल माझ्या तळहातावर ठेवताय. "हे त्याच जातीचं. ह्याला मुळं न्हाईत. हवेत जे आसंल तेच खातंय." मी निघालो तेव्हा मागून म्हणालात, "तू ऐकतोस लई. बघायला कवा शिकणार?" मी तेही ऐकून घेतलं आणि ऐकण्यावरच धंदा उभा केला. मन्नाएखेळ्ळी गावाला हायवेवर माझं किराण्याचं नि चहाचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत बोलतं आणि मला न विचारता सगळं कळतं. माझ्या कानावर न पडता त्या डोंगरावर पान हलत नाही, असं मी चारचौघांत सांगत आलोय.

तुमचा धडा माझी लेक पुढं शिकली. डोंगरापलीकडं कोळशावर चालणारा एक कारखाना आलाय. कोळशात थोडा पारा असतो, तो धुराबरोबर उडतो, लांब जाऊन पडतो, तळ्यात उतरला तर माशांत साठतो. पायथ्याच्या वस्तीवरच्या बायका तिला एकच विचारतात, पोटुशी बाईनं तळ्यातला मासा खावा का नाही? आधी हवेतून पारा किती येतो ते कळायला हवं, म्हणून तिनं लांबच्या रानातलं ताजं दगडफूल जाळीच्या पिशव्यांत भरलं आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडांना बांधलं. उन्हाळा सरताना माथ्यावरची पिशवी मीच उतरवून आणली. तांबूस दिसली. आपल्याकडची माती लालच, म्हणून झटकली आणि दिली.

तपासणीत त्याच पिशवीत पारा एवढा निघाला की मी दुकानात पेढे वाटले. कारखान्याची चिमणी सापडली, म्हणालो. कारखान्याच्या ठेकेदारालाही दिला. तो पेढा खाऊन म्हणाला, "मालक, मग खालच्या पिशव्यांत कामून न्हाई?" लेकही तेच विचारत होती.

आम्ही दोघं वर गेलो. माथ्यावर मारुती, शेजारी पिंपळ, पिंपळाला तिनं नव्यानं बांधलेली पिशवी, आणि त्या पिशवीला बोट लावणारी एक म्हातारी. लेक म्हणाली, "अक्का, काय करायलीस?"

"कुणाच्या तरी नवसाचं हाय गं. देवाजवळ बांधलंय, कोरडं कसं ठिवावं? शेंदूर लावायलेय."

लेक खाली दगडावर बसली. काही शेंदरांत पारा असतो हे तिला ठाऊक होतं. तो शेंदूर तिनं तपासून घेतला, त्यातही पारा निघाला. कारखाना सुटला नाही, सापडलाही नाही. एक उन्हाळा मात्र गेला, आणि माझे पेढे गावभर झालेले. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मग एका सकाळी जाळीचं कापड आणि सुईदोरा माझ्यापुढं टाकून म्हणाली, "अप्पा, शिवायला घ्या."

मी शिवतोय. या वेळी पिशव्या देवापासून लांब, बाभळीला नि धावड्याला, हात पोचणार नाही अशा उंचीवर बांधायच्या. त्या म्हातारीनं राखणीचं आपणहून अंगावर घेतलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देते. उत्तर मिळेपर्यंत पोटुशींनी तो मासा टाळावा, असं लेकीनं वस्तीवर सांगून ठेवलंय. हाही उन्हाळा वाया गेला तर पुढच्याला बांधू. ठेकेदार हसतो. हसू दे, तोही चहाला माझ्याकडंच थांबतो.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या घराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. पण लेकीला अजून सांगितलं नाही ते तुम्हाला लिहितो. त्या दिवशी डोंगर उतरताना मी जरा मागं राहिलो आणि म्हातारीला विचारलं, शेंदूर कुठून आणतेस. माझ्याच दुकानातून आणते.